टेबलाच्या मध्यभागी काय ठेवणार?



आज आगमन काळाचा तिसरा रविवार. वेदीजवळच्या हिरव्या चक्रावर आज गुलाबी मेणबत्ती पेटली, म्हणजे नाताळ अगदी दाराशी आला. घरोघरी साफसफाई चालली आहे, करंज्यांचे बेत ठरत आहेत, मुले गोठ्यासाठी गवत गोळा करीत आहेत. बाजारात जेवणाच्या टेबलावर मध्यभागी मांडायच्या शोभेच्या वस्तूही आल्या आहेत. प्लॅस्टिकची सोनेरी पाने, खोटा बर्फ लावलेल्या फांद्या, उंच उंच मेणबत्त्या. दिसायला सुंदर आणि किंमतही तशीच! टेबलावर मध्यभागी काय ठेवावे हा प्रश्न तसा छोटा. तरी आज त्यावरच थोडे मनन करू या.

काही वर्षांपूर्वी आमच्याच घरी घडलेली गोष्ट. अशीच एक मोठी सजावट आम्ही हौसेने विकत आणली. नाताळच्या दुपारी पाहुणे आले, ताटे मांडली आणि लक्षात आले की एक ताट काही बसत नाही. आई म्हणाली, "मी आत स्वयंपाकघरातच जेवते. तुम्ही बसा." आणि आम्ही तिला तसे करू दिले! जेवणाआधीची प्रार्थना झाली, हसणे-बोलणे झाले, फोटोही निघाले. संध्याकाळी भांडी आवरताना आतले तिचे एकटे ताट दिसले आणि आदल्या रात्रीच्या मिस्सात ऐकलेले शुभवर्तमान आठवले. मरिया आणि योसेफ ह्यांना उतारशाळेत जागा मिळाली नाही (लूक २:७). तोवर आम्हांला वाटे, बेथलेहेमातली ती माणसे फार कठोर असतील. त्या दिवशी कळले, ती आपल्यासारखीच असावीत. मनात वाईट काही नव्हते, फक्त गर्दीत कोणाकडे लक्ष गेले नाही.

प्रभूला अखेर जागा मिळाली ती गव्हाणीत. गव्हाण म्हणजे गुरांची खाण्याची जागा, आणि बेथलेहेम ह्या हिब्रू नावाचा अर्थ 'भाकरीचे घर'. जो पुढे आपले अन्न होणार होता, तो जन्मताच अन्नाच्या जागी निजला. इ. स. १२२३ मध्ये असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्चो गावी नाताळ साजरा केला, तेव्हा सजावट कसली होती? गव्हाण, वाळलेले गवत, बैल आणि गाढव. त्या गव्हाणीवरच पवित्र मिस्सा अर्पण करण्यात आला. गव्हाण आणि भोजनाचे टेबल ह्यांचे नाते असे जुने आहे.

वेदीजवळच्या चक्राचीही कथा अशीच आहे. जर्मनीतील हॅम्बर्ग शहरात योहान विखर्न नावाचे ल्युथरन पाळक गरीब मुलांचा आश्रम चालवीत. नाताळ कधी येणार म्हणून मुले सारखी विचारत. तेव्हा १८३९ साली त्यांनी गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्यावर आठवड्याच्या दिवसांसाठी लहान लाल व रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या लावल्या. पुढे ती प्रथा कॅथलिक घरांतही आली. म्हणजे ही शोभा श्रीमंताच्या दिवाणखान्यात नव्हे, तर गरीब मुलांसाठी, जुन्या चाकावर जन्माला आली.

पुढच्या नाताळात आमच्या टेबलावर काय ठेवायचे हे आईनेच ठरवले. तिने डोक्यावर हंडे वाहिलेले, त्यामुळे चुंबळ तिच्या हातातली. भाताचा पेंढा थोडा वेळ पाण्यात भिजवून मऊ करावा, वेणीसारखा वळावा, गोल करून टोके सुतळीने बांधावीत आणि उन्हात पुरता वाळवावा. ही चुंबळ एका ताटलीत ठेवावी. तिच्यावर नारळाची अर्धी करवंटी बसवून तिच्यात वाळू भरावी. वाळूत काचेचा छोटा ग्लास रोवून त्यात आखूड मेणबत्ती लावावी. ज्योत ग्लासच्या काठाच्या आतच राहिली पाहिजे, कारण खाली पेंढा आहे. भोवती परसातली तगर, शेवंती, चार हिरवी पाने. टेबलावरून उठताना मेणबत्ती आठवणीने विझवावी. मेणबत्ती सोडली तर खर्च जवळजवळ नाही, आणि लहान मुलांनाही हातभार लावता येतो.

आईने दोन नियमही घालून दिले. पहिला, ही शोभा एका वितीपेक्षा उंच नको. समोर बसलेल्याचे तोंड दिसले पाहिजे. दुसरा, आधी सगळ्यांची ताटे मांडायची आणि उरलेल्या जागेत शोभा ठेवायची. आज आई प्रभूच्या घरी आहे, पण हे दोन्ही नियम आम्ही पाळतो. जे टेबलाशी नाहीत, म्हणजे परदेशी नोकरीला गेलेला मुलगा, इस्पितळातले काका, देवाघरी गेलेली माणसे, त्यांची नावे चिठ्ठीवर लिहून मुले चुंबळीखाली ठेवतात. जेवणाआधीच्या प्रार्थनेत ती वाचली जातात. ज्याच्याशी जमिनीवरून बोलणे बंद होते, त्या भावाचे नावही एका वर्षी त्या चिठ्ठीवर आले. नाव वाचून झाल्यावर घास घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या दारी गेलो.

बंधू-भगिनींनो, बाजारातून वस्तू आणणे पाप नाही. पण मरिया आणि योसेफ ह्यांनी मंदिरात गरिबांचे अर्पण नेले होते (लूक २:२४). त्यांच्या बाळाच्या वाढदिवशी आपल्या शेजाऱ्याला स्वतःचे टेबल पाहून कमीपणा वाटू नये, एवढे तरी आपण सांभाळू या. येत्या आठवड्यात मुलांना घेऊन एक चुंबळ वळू या. वाचलेले पैसे गरिबांसाठीच्या पेटीत टाकू या. आणि नाताळच्या दिवशी बसण्यापूर्वी एकदा मोजू या: सगळ्यांची ताटे लागली का? आत कोणी एकटे जेवत नाही ना? शेजारी कोणी एकटे आहे का, की ज्याच्यासाठी आणखी एक ताट मांडता येईल?

तेवढी जागा झाली, की आपल्या टेबलाच्या मध्यभागी प्रभू स्वतः येऊन बसेल.

सर्वांना नाताळच्या मंगलमय शुभेच्छा!