तळहातावरचा रुपया

विठ्ठलवाडीच्या फलाटावर बाकावर जरा टेका. पुण्याकडची एक्स्प्रेस न थांबता धडधडत जाईल, जाऊ द्या. खिशातलं रुपयाचं नाणं काढून तळहातावर ठेवा. घाई नको.

आधी गार लागेल, मग हाताची ऊब घेईल. अलीकडचा रुपया तीन ते चार ग्रॅमच्या दरम्यान भरतो. कडेवरून अंगठा फिरवा. ती उंच कड मुद्दाम ठेवलेली असते, आतला छाप लवकर झिजू नये म्हणून.

श्वास सावकाश सोडा आणि या नाण्याच्या जन्माकडे वळा. स्टेनलेस स्टीलची पट्टी, तिच्यातून कापलेल्या कोऱ्या चकत्या. त्या भट्टीत मऊ करतात, धुऊन लखलखीत करतात. मग दोन ठशांमध्ये एकच जबर दाब, आणि दोन्ही बाजू एकदम उमटतात. याला आपण नाणं पाडणं म्हणतो.

आता सालाखाली बघा. हिऱ्यासारखी बारीक चौकट दिसली, तर ते मुंबईच्या टांकसाळीचं. हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. कोलकात्याची खूण नसते. मुंबईची टांकसाळ 1829 साली उभी राहिली, फोर्टात. समोरच्या फलाटावरची लोकल सीएसएमटीला पोचली की तिथून ती चालत जाण्याइतकी जवळ.

डोळे मिटा. आणखी मागे, 1674. शिवरायांचा राज्याभिषेक, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. तेव्हा ठशावर चकती ठेवून हातोड्याचा घाव घालत. घाव तिरका पडला की 'श्री राजा शिव' यातलं एखादं अक्षर चकतीबाहेरच राही. तरी ती चाले. इंग्रजी अमलातही शिवराई कित्येक वर्षं बाजारात फिरत होती. त्या अर्धवट अक्षरांत मला ठसा धरणाऱ्याचा हात दिसतो. यंत्राच्या नेमक्या छापापेक्षा तो मला जवळचा वाटतो.

1 एप्रिल 1957 ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. पाव रुपयाची पावली 30 जून 2011 पर्यंतच टिकली.

डोळे उघडा. नाण्यावर जिथं गुळगुळीत लागतं, तिथं पुन्हा बोट ठेवा. टांकसाळीनं तसं घडवलं नव्हतं. भाजीवाली, रिक्षावाला, दानपेटी, शाळकरी पोरांच्या मुठी, यांनी मिळून ते केलं आहे.

गाडी आली की उठा. उतरल्यावर ते नाणं डब्यात साठवू नका, भाजीवालीला द्या. सकाळी तिला सुट्ट्यांची नड असते.