ऋणमुक्तीची घाई

महाभारताच्या वनपर्वात यक्षाने धर्मराजास जे प्रश्न विचारले, त्यांत ‘आनंदी कोण?’ असाही एक प्रश्न आहे. धर्मराजाचे उत्तर मोठे साधे आहे. दिवसाच्या पाचव्या किंवा सहाव्या भागात का होईना, पण जो आपल्या घरी भाजीपाला शिजवून खातो, ज्याच्या डोक्यावर ऋण नाही आणि ज्याला परमुलखात राहावे लागत नाही, तो आनंदी. स्वतःचे घर, अनृणत्व आणि अप्रवास अशा सुखाच्या तीन अटी या उत्तरात सांगितल्या आहेत.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना या अटी वाचताना थोडे थबकावे लागेल. ज्यांचे पूर्वज पोटापाण्यासाठी कोकण किंवा देश सोडून बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथे स्थिरावले, ज्यांची मुले आज बेळगावहून बंगळुरास आणि मडगावहून पुण्यास जात आहेत, त्यांच्या बाबतीत या अटी एकमेकींच्या आड येतात. प्रवास संपवायचा तर जेथे पोट आहे तेथे घर हवे. आणि मध्यमवर्गीयास घर हवे तर वीस वर्षांचे कर्ज काढावेच लागते. अप्रवासी होण्यासाठी प्रथम ऋणी व्हावे लागते. असे ऋण एकदा काढल्यावर, चार पैसे गाठीला जमताच ते मुदतीपूर्वी फेडून टाकण्याची घाई करावी काय, हा प्रश्न आज घरोघरी चर्चिला जातो. तो वरवर हिशेबाचा दिसतो. आमच्या मते तो मुख्यतः नीतीचा आहे.

कर्जाविषयी आपल्या मनात जी धास्ती आहे, ती उगीच आलेली नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, ती मुख्यतः कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यासाठी. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यामागे हाच उद्रेक होता. मुद्दलाहून अधिक व्याज एका वेळी वसूल करता येऊ नये, असा दामदुपटीचा नियम तर आपल्या स्मृतिकारांनीच घालून दिलेला आहे. ज्या समाजाने गहाणखतापायी जमिनी जाताना पाहिल्या, त्या समाजात ‘ऋण काढून सण करू नये’ ही म्हण रूढ झाली, यात नवल नाही.

तथापि घरासाठी काढलेले कर्ज आणि सणासाठी काढलेले कर्ज यांत भेद केला पाहिजे. ऋण काढून तूप प्यावे, हा चार्वाकांच्या नावावर मोडणारा उपदेश घरास लागू पडत नाही. तूप पिऊन संपते. घर राहते, आणि जे भाडे एरवी दुसऱ्याच्या हाती गेले असते ते हप्त्याच्या रूपाने आपल्याच भिंतींत मुरते. अशा कर्जास प्रतिष्ठा देण्याचे श्रेय काही अंशी आपल्याच मंडळींकडे जाते. मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, ती श्रीपाद सुब्राव तालमकी या कोकणीभाषक सारस्वत गृहस्थांच्या पुढाकाराने. एकट्याला न झेपणारे घर अनेकांनी एकमेकांच्या विश्वासावर उभारावे, हे त्यामागील तत्त्व होते. पुढे १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी घरबांधणीस कर्ज देणारी स्वतंत्र संस्था काढली, आणि निवृत्तीनंतरच्या पुंजीतून घर बांधणारा नोकरदार तिशी-चाळिशीतच घरमालक होऊ लागला. म्हणून गृहकर्जाची लाज बाळगण्याचे कारण नाही. दिलेल्या शब्दाप्रमाणे ठरल्या दिवशी हप्ता भरणारा मनुष्य नीतीच्या दृष्टीने कर्जमुक्त मनुष्याहून यत्किंचितही कमी नाही.

मग घाई कशासाठी? येथे थोडा हिशेब मांडणे अवश्य आहे. तीस लाख रुपये नऊ टक्के दराने वीस वर्षांकरिता घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २६,९९२ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील २२,५०० रुपये निव्वळ व्याजाचे असतात. मुद्दलापोटी साडेचार हजारही जात नाहीत. अर्धे मुद्दल फिटण्यास चौदा वर्षे लागतात. अखेरपर्यंत सुमारे पावणेपस्तीस लाख व्याज दिले जाते, म्हणजे मुद्दलाहूनही अधिक. दामदुपटीचा नियम एका वेळच्या थकबाकीपुरता असल्याने त्याचा येथे भंग होत नाही, पण आकडा पाहून छाती दडपते खरी. उलट पहिल्या वर्षाअखेरीस एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे एकोणीस हप्ते वाचतात. तोच लाख सोळा वर्षांनी भरला तर जेमतेम पाच हप्ते वाचतात. लवकर फेडायचे तर फार लवकर फेडावे, एवढा बोध हे गणित करते.

कायद्यानेही आता ही वाट मोकळी केली आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाण सोडवून घेण्याचा हक्क आहे, पण तो मुद्दल देय झाल्यानंतरचा. त्याआधी पैसे परत घेण्यास धनको बांधलेला नव्हता. बँका मुदतपूर्व फेडीवर दंड आकारीत, त्यामागेही ठरलेल्या व्याजाची आशा हेच कारण होते. जून २०१२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवर असा दंड घेण्यास बँकांना मनाई केली. वीस वर्षांचा करार दहा वर्षांत संपविणे हा शब्दभंग होतो की काय, अशी शंका एखाद्या पापभीरू मनास येत असेल, तर ती आता सोडून द्यावी.

उलट पक्षाचे म्हणणेही ऐकले पाहिजे. ते म्हणतात, नऊ टक्क्यांचे कर्ज फेडण्याऐवजी तोच पैसा अधिक वाढणाऱ्या ठिकाणी गुंतवावा. महागाईने रुपया स्वस्त होतो, तेव्हा उद्याच्या स्वस्त रुपयांनी आजचे कर्ज फेडणे शहाणपणाचे. यात तथ्य आहे. परंतु व्याज निश्चित द्यावेच लागते, आणि गुंतवणुकीचे फळ निश्चित नसते. शिवाय व्याजाचा दरही स्थिर नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. हप्ता पूर्वीइतकाच राहिला, पण मुदत मात्र कित्येक वर्षांनी लांबली, असे तेव्हा पुष्कळांना आढळून आले. निवृत्तीनंतरही आपले हप्ते चालू राहणार, हे ज्याला पन्नाशीत कळले, त्याच्या मनःस्थितीचा हिशेब टक्क्यांत मांडता येत नाही.

पण लवकर फेडण्याच्या बाजूने जे सर्वांत मोठे कारण आहे, ते व्याजाच्या बचतीचे नाही. हप्ता डोक्यावर असलेला मनुष्य ‘नाही’ म्हणण्याची शक्ती हळूहळू गमावतो. वरिष्ठाने खोट्या कागदावर सही मागितली, ठेकेदाराच्या निकृष्ट कामाला प्रमाणपत्र देण्यास सांगितले, किंवा सहकाऱ्यावर अन्याय होत असता तोंड मिटून बसण्याची खूण केली, तर अशा वेळी त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम पुढील महिन्याची पाच तारीख उभी राहते. तो वाईट मनुष्य असतो असे नाही. तो बांधलेला असतो. ज्याचे घर मोकळे आहे, त्याला निदान नोकरी सोडून चार महिने डाळभात खाऊन राहण्याची मुभा असते. ऋणमुक्तीचे नैतिक मूल्य आमच्या दृष्टीने येथे आहे. जो कर्ज फेडून अधिक निर्भय झाला, त्याने ते योग्य कारणासाठी फेडले.

आता या घाईची दुसरी बाजू. आमच्या परिचयातील एका कुटुंबाने वीस वर्षांचे कर्ज साडेनऊ वर्षांत फेडले. गृहस्थ अत्यंत सचोटीचे आणि काटकसरी. बोनस आला की बँकेत, पगारवाढ झाली की बँकेत. त्या काळात मुलीचे गाणे शिकणे थांबले. पत्नीच्या पाटल्या मोडल्या गेल्या. कोकणात एकट्या राहणाऱ्या आईकडे दर वर्षी जाणे होत असे, ते तीन वर्षांतून एकदा होऊ लागले. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘एवढे संपले की’ करू, असे तिला दोनदा सांगण्यात आले. बँकेचा बेबाकी दाखला हाती आला, त्याच्या आदल्या वर्षी आई गेली होती. या गृहस्थांस दोष देणे सोपे आहे, पण आम्ही तो देत नाही. त्यांनी पैसा उधळला नाही, कोणास फसविले नाही. जे ऋण कागदावर होते ते त्यांना स्पष्ट दिसत होते; जे कागदावर नव्हते ते दिसेनासे झाले.

आमच्या मते या प्रश्नाची खरी गोम हीच आहे. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो, असे आपल्या वैदिक परंपरेने सांगितले. त्या ऋणांचा रोखा कोणी लिहिला नाही, त्यांची सूचना टपालाने येत नाही, हप्ता चुकल्यास दंड पडत नाही. म्हणूनच लेखी ऋण अलेखी ऋणाला गिळते. बँक कितीही निष्ठुर म्हटली तरी तिने वीस वर्षांची मुदत दिलेली असते. आईच्या ऋणास मुदत नसते, आणि मुलाच्या बालपणाची मुदत वाढवून मिळत नाही. ज्या धनकोने थांबण्याचे कबूल केले आहे त्याला आधी, आणि ज्याला थांबणे शक्यच नाही त्याला मागाहून, हा क्रम न्यायाचा म्हणता येणार नाही.

यासंबंधी गोमंतकीय कायद्यातील एक तरतूद विचार करण्याजोगी आहे. तेथील पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार, लग्नापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते, आणि स्थावर विकण्यास वा गहाण टाकण्यास दोघांचीही संमती लागते. कर्ज काढताना बँकाही बहुधा दोघांच्या सह्या घेतात. लवकर फेडताना मात्र घरातील एकाच्याच मनाची सही पुरते. इतरांनी किती वर्षे किती सोसावे, हे त्यांना न विचारताच ठरते. त्याग हा ज्याचा त्याने करावयाचा असतो. दुसऱ्याकडून परस्पर करविलेला त्याग हेही एक कर्जच होय, आणि त्याची नोंद कोणत्याच खतावणीत होत नाही.

यावरून व्यवहारात कसे वागावे, हे थोडक्यात सांगता येईल. आजारपण किंवा नोकरी जाणे यांसाठी सहा महिन्यांचा खर्च प्रथम हाताशी असावा, कारण भिंतीत घातलेला पैसा अडल्या वेळी भिंतीतून काढता येत नाही. क्रेडिट कार्डासारखे महाग कर्ज असेल तर ते गृहकर्जाच्या आधी फेडावे. प्राप्तिकरात सवलत मिळते म्हणून कर्ज ठेवू नये. रुपया व्याज देऊन तीस पैसे कर वाचविणे यास बचत म्हणत नाहीत. नंतर वृद्धांचे औषधपाणी, मुलांचे शिक्षण आणि आपल्या ऐपतीप्रमाणे परक्याच्या अडचणीस द्यावयाचा वाटा. एवढे करून जे उरेल ते सर्वांच्या संमतीने, आणि शक्य तितक्या आधीच्या वर्षांत, बँकेत भरावे. अशाने कर्ज साडेनऊ वर्षांऐवजी चौदा वर्षांत फिटेल. त्या जादा वर्षांचे व्याज भरताना वाईट वाटेल. त्या व्याजातून आपण काय विकत घेतले, हे मात्र ज्याच्या त्याला ठाऊक असेल.

आणखी एक गोष्ट राहते. कर्ज फिटल्यावर तीस दिवसांच्या आत घराचे मूळ दस्तऐवज परत केले पाहिजेत, न केल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. म्हणजे बोजा उतरला की नाही, हे आता महिनाभरात निश्चित कळते. परंतु जी रक्कम दरमहा बँकेत जात होती, ती त्या महिन्यानंतर कोठे गेली, हे विचारणारा कोणी नसतो. पुष्कळजण दुसऱ्या, अधिक मोठ्या घराच्या कर्जाकडे वळतात आणि घाई पुन्हा नव्याने सुरू होते. निर्भयतेसाठी ज्याने कर्ज फेडले असेल, त्याला कचेरीत ती खोटी सही नाकारण्याचा प्रसंग पुढे केव्हातरी येईलच. त्या दिवशी तो काय करतो, यावरच त्याच्या ऋणमुक्तीची किंमत ठरेल.