मार्केझ यांचे आडनाव

स्पॅनिश भाषिक माणसाला सहसा दोन आडनावे असतात: आधी वडिलांचे, मग आईचे. वडील गाब्रिएल एलिखिओ गार्सिया, आई लुइसा सान्तियागा मार्केझ, म्हणून मुलगा गाब्रिएल गार्सिया मार्केझ. स्पॅनिश सूचीत हा कादंबरीकार गार्सियांच्या रांगेत सापडतो. इंग्रजीत आडनाव एकच आणि तेही शेवटी. त्यामुळे अनेक इंग्रजी वृत्तपत्रांत, आणि त्यांच्यामागोमाग मराठीतही, तो नुसता ‘मार्केझ’ झाला. त्याच्या घरच्या रीतीने हे आईच्या माहेरचे नाव. मग ही चूक म्हणायची का, आणि म्हटली तर कोणत्या जातीची?

तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलच्या मते चूक जवळजवळ नाहीच. विशेषनाम वस्तू दाखवते, तिच्याविषयी काही सांगत नाही, असे त्याने १८४३ साली मांडले. डार्टमथ हे गाव डार्ट नदीच्या मुखाशी वसलेले. पण उद्या नदीने पात्र बदलले तरी गावाचे नाव खोटे पडत नाही. सॉल क्रिप्की या तत्त्वज्ञाने १९७० च्या व्याख्यानांत हाच विचार पुढे नेला. नाव एकदा ठेवले जाते (या क्षणाला तो ‘बाप्तिस्मा’च म्हणतो) आणि मग ते तोंडातोंडी पुढे जाते. साखळी शाबूत असली की झाले. ‘मार्केझ’ म्हणणारा योग्य माणसापर्यंतच पोचतो.

पण स्पॅनिश आडनाव नुसते माणूस दाखवून थांबत नाही, ते त्याचे आईवडीलही सांगते. शेवटचा शब्द तेवढा उचलला की माणूस तोच राहतो, सांगणे मात्र बिघडते: इंग्रजी रीतीने वाचणाऱ्याला वाटते, बाप मार्केझांपैकी असणार. मधले नाव वडिलांचे की नवऱ्याचे हे परदेशी फॉर्मला समजावून थकलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये.

पोर्तुगीजांत क्रम बहुधा उलटा, आईचे आडनाव आधी. फर्नान्दो नोगेइरा पेसोआ या कवीची आई नोगेइरा, वडील पेसोआ. इथे शेवटचा शब्द उचलण्याची इंग्रजी सवय बरोबर ठरते, पण ते ज्ञान नव्हे, नशीब. हुकूमशहा अंतोनियो द ओलिवेइरा सालाझार याच्या बाबतीत तेही साथ देत नाही: ओलिवेइरा वडिलांचे, सालाझार आईचे.

आडनाव काही सांगते असे मानले, तर ते खरेच सांगते का, हा प्रश्न उरतो. १५१५ साली जन्मलेल्या स्पॅनिश संत तेरेसाचे वडील सांचेस द सेपेदा, आई आहुमादा. ती आहुमादा लावत असे. आजोबा हुआन सांचेस ज्यू वंशाचे धर्मांतरित. १४८५ मध्ये तोलेदोच्या धर्मन्यायालयाने त्यांना प्रायश्चित्त करायला लावले होते. त्या काळी मुलांना आडनाव निवडायची मोकळीक होती, आणि कोणते वगळायचे हेही माणसे जाणून असत. पुढे मठांची सुधारणा हाती घेतल्यावर तिने दोन्ही घराणी टाकली आणि ‘येशूची तेरेसा’ हे नाव धारण केले. मठात घराण्याचा उच्चार कमीत कमी व्हावा असा तिचा आग्रह असे. इंग्रजीने तिला ‘आविलाची तेरेसा’ केले. आईबापांनी दिलेले गेले, तिने घेतलेलेही गेले, उरले गाव.

संत फ्रान्सिस झेवियरच्या बाबतीत तर वडिलांचे हास्सो आणि आईचे आझपिलक्वेता ही दोन्ही नावे मागे पडली. उरले ते नाव्हारातल्या किल्ल्याचे, जो आईकडून आलेला. मूळ बास्क शब्दाचा अर्थ ‘नवे घर’. जुन्या स्पॅनिशमध्ये त्यातल्या एक्सचा उच्चार ‘श’सारखा होता, पोर्तुगीजमध्ये आजही आहे, ‘झ’ इंग्रजीने आणला आणि त्याच्या नावाच्या मुंबईतल्या कॉलेजाने तो मराठीत रुजवला. आता हे नाव किल्ल्याची नव्हे, संताची आठवण म्हणून मुलांना ठेवले जाते.

गोव्यात सोळाव्या शतकापासून बाप्तिस्म्याच्या वेळी नव्या ख्रिस्ती माणसाला पोर्तुगीज आडनाव मिळे, अनेकदा धर्मपित्याचे किंवा पाद्रीचे. फर्नांडिस म्हणजे ‘फर्नांदोचा मुलगा’. आणि ते लावणाऱ्याचा बाप कोणी शेणवी किंवा गावडा. वंशावळ म्हणून हे विधान खोटे आहे. दीक्षेची नोंद म्हणून ते अगदी खरे, आणि क्रिप्कीचा रूपकात्मक बाप्तिस्मा इथे शब्दशः घडलेला.

गोव्याबाहेर, इंग्रजी अमलात, या नावांना आणखी एक वळण मिळाले. ‘द सोझा’मधला ‘द’ डी आणि ॲपॉस्ट्रॉफीसह पुढच्या शब्दाला चिकटला. मराठीने तर ‘डिसोझा’ असा एकसंध शब्द केला, वसईकडच्या ‘दिब्रिटो’सारखा. ग्रंथालयांच्या सूचीत लेखकाची भाषा पाहून नाव लावतात. त्यामुळे एका घरातले दोन चुलतभाऊ, एक पोर्तुगीजमध्ये आणि एक इंग्रजीत लिहू लागले, तर पहिला ‘एस’खाली सापडतो आणि दुसरा ‘डी’खाली.