गार खोली कुणाची?

अमेरिकेच्या ईशान्येकडची बरीच घरं हिवाळ्यात अजूनही तेल जाळून ऊबदार ठेवतात. तळघरात बॉयलर, आणि त्यातलं गरम पाणी नळ्यांमधून घरभर फिरतं. घराचे विभाग पाडलेले असतात, प्रत्येक विभागाला वेगळा थर्मोस्टॅट. जिथे माणूस नाही तिथला व्हॉल्व्ह बंद करायचा की तेल वाचलं.

पनवेलमध्ये असा बॉयलर कुणाला लागणार? पण विभाग आपणही पाडतो, फक्त गारव्याचे. कामोठ्यातला किंवा खांदा कॉलनीतला टू बीएचके डोळ्यांसमोर आणा. एसी बेडरूममध्ये. हॉलला पंखा. स्वयंपाकघरात बऱ्याचदा पंखाही नाही, कारण गॅसची ज्योत फडफडते. मे महिन्यातल्या चिकचिकीत घरातली सगळ्यात गरम जागा तीच, आणि तिथे पोळ्या लाटणारं माणूसही बहुधा ठरलेलं.

‘गरज असेल तिथेच गारवा’ हे तत्त्व मला पटतं. प्रश्न एवढाच, की गरज ठरवली कुणी? झोपणाऱ्याची गरज आपल्याला दिसते, ऑफिसचा कॉल घेणाऱ्याची तर लगेच. तव्यापाशी उभ्या असलेल्या बाईच्या गरजेला मात्र आपण ‘सवय’ म्हणतो. “मला नाही बाई सोसत तो एसी,” असं आई म्हणते आणि आपण ताबडतोब विश्वास ठेवतो. (तिच्या इतर किती म्हणण्यांवर इतक्या चटकन ठेवतो?) ते खरं असेलही. पण ‘सोसत नाही’मध्ये विजेच्या बिलाची धास्ती किती, हे कुणी विचारलेलं नसतं.

जुन्या पनवेलच्या कौलारू घरांत माणसं गारव्यामागे फिरायची, दुपारी माजघर, रात्री ओटी नाहीतर पडवी. त्याचे गोडवे गायला मला जमत नाही, कारण चुलीच्या धुरातली बाई तेव्हाही तिथेच होती.

स्वयंपाकघरात एसी लावणं हे सोपं उत्तर नाही. फोडणीचा तेलकट थर फिल्टरवर बसतो आणि शेगडी जितकी उष्णता ओतते तितकी उपसत बसायचं, म्हणजे पैसे पाण्यात. पण चांगला एक्झॉस्ट फॅन लावता येतो. कणीक मळणं, भाजी निवडणं गार खोलीत करता येतं. आणि तव्यापाशी आळीपाळीनं उभं राहता येतं, हे लिहायचीही खरं तर लाज वाटायला हवी.

आता खिडकीबाहेर बघू. दीड टनाचा एसी खोलीतून साधारण सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसतो, त्यासाठी दीडेक किलोवॅट वीज खातो आणि बाहेर फेकतो ती या दोन्हींची बेरीज, पावणेसातच्या आसपास. म्हणजे आपण थंडी तयार करत नाही, उष्णता दुसऱ्याकडे ढकलतो, वर थोडी भर घालून. ती डक्टमध्ये सोडली असेल, तर तिथे कुणाच्या तरी स्वयंपाकघराची खिडकी उघडते. १ जानेवारी २०२० पासून देशातल्या स्टार लेबलच्या एसींचं सुरुवातीचं तापमान २४ अंशांवर ठेवणं बंधनकारक झालं. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असा सरकारी हिशोब आहे. आपण रिमोट उचलतो आणि १८ करतो. शेजाऱ्याचं तापमान त्या रिमोटवर दिसत नाही.

राहता राहिली देखभाल. आतली जाळी दोन आठवड्यांनी नळाखाली धुवायची, हे घरातल्या कुणालाही जमतं. ती तुंबली की वीज जास्त आणि गारवा कमी. बाहेरच्या युनिटसाठी मात्र माणूस येतो. सातव्या मजल्याच्या खिडकीतून तो बाहेर उतरतो, एक पाय छज्जावर, दुसरा लोखंडी ब्रॅकेटवर. आपण आत पंख्याखाली उभे राहून “गॅस कमी झालाय का बघा हो” म्हणतो. सर्व्हिसिंगचे पैसे देताना घासाघीसही करतो. त्याच्या कमरेला पट्टा आहे का, हे विचारायला पाच सेकंद लागतात. पट्टा अडकवायला भिंतीत कडी आहे का, हे सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये विचारावं लागेल.