टाळ वाजतच राहिला तर?

संतसज्जनहो, कीर्तनात षड्रिपूंची नावे निघाली की आपण सारेच माना डोलावतो. आणि कीर्तन आटोपून बाहेर आल्यावर आपली चप्पल जागेवर नसली की तिथल्या तिथे डोळे लाल होतात! तेव्हा क्रोध वाईट आहे, हे सांगायला आम्ही लेखणी उचललेली नाही. ते सर्वांस ठाऊक आहे. तो आला म्हणजे त्याचे करावे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

लोक यावर दोन उपाय सांगतात. एक म्हणतो, गिळून टाका. दुसरा म्हणतो, ओकून टाका, म्हणजे मन मोकळे होते.

गिळण्याचे फळ लालबाग-परळच्या चाळींनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. दहा बाय बाराची खोली, तीत आठ-दहा माणसे, झोपायचे तेही पाळीपाळीने. खात्यात जॉबरने अपमान केला तर तोंड उघडायची सोय नाही, कारण उद्या काम हवे. मग तो गिळलेला राग संध्याकाळी घरी यायचा आणि आमटीत मीठ कमी पडले म्हणून बायकोवर निघायचा. तिने तो पोरावर काढावा, पोराने धाकट्या भावंडावर. राग जिरला असे वाटते, पण तो जिरत नाही; दुबळ्याचे घर शोधीत फिरतो.

ओकून टाकण्याचेही तसेच. अमेरिकेत बुशमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अपमान झालेल्या काही विद्यार्थ्यांना, अपमान करणाऱ्याला मनात आणून, वाळूच्या पिशवीसारख्या पिशवीवर ठोसे मारायला लावले. काहींना नुसते शांत बसवले. ठोसे मारणाऱ्यांचा राग कमी होण्याऐवजी अधिकच भडकलेला आढळला. शांत बसलेल्यांचा सर्वांत कमी. यात नवल ते काय? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधाची सारी वंशावळच दिली आहे. चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, आणि शेवटी बुद्धीचा नाश. मूळ चिंतनात आहे. ज्याचा राग आला त्यालाच मनात घोळवीत बसलो, तर हाताने काहीही करा, आत सरपण घातले जातेच.

मग तिसरी वाट आहे का? आहे, आणि ती आपल्याच वारीत आहे. माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी समाज-आरती होते. दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंचावून ‘होऽऽ’ अशी हाक देतात आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प होतात. पण ज्या दिंडीवर काही अन्याय झाला असेल, तिचा टाळ थांबत नाही. तो वाजतच राहतो. मग चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा करतात. तेव्हाच तो टाळ शांत होतो आणि आरती होते.

केवढे शहाणपण आहे यात! राग दडपला नाही, आणि कुणाच्या अंगावर फेकलाही नाही. त्याला ठरलेली वेळ दिली, जागा दिली, आणि मुख्य म्हणजे ऐकणारा माणूस दिला.

असा ऐकणारा नसला म्हणजे काय होते, तेही गिरणगावाने भोगले आहे. १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने मुंबईच्या गिरणी धंद्यात एकाच संघटनेला कामगारांच्या वतीने बोलण्याचा अधिकार होता. पुष्कळ कामगारांना ती संघटना आपली वाटेना. टाळ वाजत होता, पण तिकडे यायला चोपदार नव्हता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. संसार मात्र मोडले, कितीकांनी कोकणाची, घाटाची वाट धरली. आज गिरण्यांच्या जागी टोलेजंग इमारती उभ्या आहेत. त्या रागाला केवळ षड्रिपू म्हणून आम्ही बाजूला सारू शकत नाही. पोटाची आच त्यात होती.

कुणी विचारील, वारकऱ्याने मग अन्याय सोसावा की काय? मुळीच नाही. पंढरीचे मंदिर हरिजनांना बंद होते, याचा संताप साने गुरुजींच्या काळजात पेटला होता. त्यांनी आधी गावोगाव फिरून लोकांना समजावले आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण केले. संताप खरा होता, पण त्याची झळ त्यांनी स्वतःच्या देहाला लावून घेतली. तेव्हा राग आला की आधी स्वतःला विचारावे, हा माझ्या मानासाठी आहे की कुणाच्या न्यायासाठी? मानासाठी असेल तर त्याचे घोळवणे सोडून नाम घ्यावे. न्यायासाठी असेल तर टाळ वाजवावा, पण योग्य जागी, आणि निवाडा झाला की थांबवावा. निवाड्यानंतरही टाळ वाजतच राहिला, तर ते गाऱ्हाणे नव्हे, नुसता हट्ट!

आणि दुसरी जबाबदारी ऐकणाऱ्याची. जननिंदेने खिन्न होऊन प्रत्यक्ष ज्ञानोबांनी झोपडीची ताटी लावून घेतली, असे परंपरा सांगते. तेव्हा धाकटी मुक्ताई दाराशी उभी राहिली. ताटीचे अभंग जन्मले ते तिथे. माउलींनाही कुणी दाराशी येणारे लागले, मग आपली काय कथा? शेजारच्या खोलीत कुणी ताटी लावून बसला असेल, घरात सूनबाई दोन दिवस अबोल असेल, तर ‘किती हा राग!’ म्हणून पुढे जाऊ नये. दारावर थाप मारावी, ‘माउली, काय झालं?’ म्हणून विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत आपले तोंड मिटून ठेवावे.

रामकृष्णहरि.