पेटीवरचे नाव, पेटीतला आंबा



आंब्याचा मोसम आला की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत प्रत्येक स्टेशनबाहेर पेट्या लागतात. बहुतेकींवर नाव एकच: 'देवगड हापूस'. अन्न व औषध प्रशासनाने बाजारात छापे घालून कार्बाइडने पिकवलेले आंबे नष्ट केल्याच्या बातम्याही आपण अनेकदा वाचल्या आहेत. कॅल्शियम कार्बाइडला ओल लागली की अॅसिटिलीन वायू सुटतो आणि त्यासोबत आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. म्हणून त्याने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे.

दुसरी खोट मात्र डोळ्यांना दिसत नाही. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही कर्नाटकातला आंबा कोकणचे नाव लावून विकला जातो. तो आंबा काही वाईट नसतो. मग प्रश्न पडतो: फळ गोड निघाले, पोट बिघडले नाही, तर फसवणूक कसली?

आम्हाला वाटते, फसवणूक येथेच अधिक स्पष्ट दिसते. विषारी फळ शरीराला इजा करते, खोटे नाव विश्वासाला. गिऱ्हाईक नावाचे पैसे मोजते आणि वर्षभर कलमे जपणाऱ्या बागायतदाराचे नाव चोरीला जाते.

२००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा खोट्या नावाने विकलेल्या अन्नाला ३ लाख रुपयांपर्यंत दंड सांगतो. पण दंड कोणाला? फुटपाथवर बसणाऱ्या मावशीने बंद पेटी वाशीच्या गाळ्यावरून आणलेली असते. फसवणूक तिचीही झालेली असते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी नेमका हाच विचार केला. विक्रेत्याला मालातील खोट ठाऊक नसेल तर त्याला पाप लागत नाही. पण ती कळली की गिऱ्हाइकाचे नुकसान भरून देणे त्याचे कर्तव्य ठरते, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे अज्ञानाची सबब कळेपर्यंतच. हाच नियम ते घेणाऱ्यालाही लावतात. सोने पितळ समजून कोणी विकत असेल आणि आपण जाणूनबुजून गप्प राहून घेतले, तर तोही अन्यायच.

ही शेवटची गोष्ट आपल्यासाठी आहे. ईस्टरच्या जेवणात पिवळाधमक, स्वस्त हापूस हवा, हा हट्ट आपला. त्या भावात खरा देवगड मिळत नाही हे आपल्याला ठाऊक असते. तरी आपण पेटी घेतो आणि पाहुण्यांना अभिमानाने 'देवगडचा' म्हणून सांगतो. त्या खोट्या नावात मग आपलाही वाटा.

मग कायदा व्यर्थ का? मुळीच नाही. आंबा कशाने पिकवला हे लहान मुलाला कळत नाही. दुर्बलांचे रक्षण व्यापाऱ्याच्या सद्बुद्धीवर सोडता येत नाही. गरिबाला धान्याचा कोंडा विकणाऱ्यांना आमोस संदेष्ट्याने खडसावले ते म्हणूनच. पण छाप्याने माल नष्ट होतो, हाव नव्हे.

तेव्हा आपण एवढे करू या. मोसमाची वाट पाहू. 'आंबा कुठला?' असे विचारू आणि 'कर्नाटकचा' असे खरे सांगणाऱ्याकडून आनंदाने घेऊ. आपल्यापैकी जे फळे विकतात, त्यांनी खोट कळल्यावर ती पेटी दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये. खरे बोलणाऱ्याचा तोटा होऊ न देणे, हाही न्यायच आहे.