दीक्षा आणि वळण

माणसाची ओळख जन्माने ठरते, असे जातिव्यवस्था सांगते. प्रत्यक्षात जन्म हे निमित्त असते. ओळख अंगात मुरते ती रोजच्या वळणाने. कोणत्या पाणवठ्यावर जायचे, कोणाच्या उंबऱ्याबाहेर थांबायचे, हे मूल कळत्या वयाच्या आधीच शिकलेले असते. समाजशास्त्र याला सामाजीकरण म्हणते. ‘स्व’ आधीपासून तयार नसतो, दुसऱ्यांच्या नजरेने स्वतःकडे पाहता पाहता तो घडतो, असे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी मांडले. मग ती नजरच तुच्छतेची असेल तर? महाराष्ट्रातल्या महारवाड्यांपुढे हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या उभा होता.

येसकराने, म्हणजे पाळीने गावकी करणाऱ्या महाराने, गावची हरकामे करावीत, घरोघर भाकरी मागावी, वाटेत सवर्ण दिसला की बाजूला होऊन ‘जोहार’ म्हणावे, ही रीत होती. बायकांनी लुगडे कसे नेसायचे, यावरही गावाची नजर असे. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या आत्मकथनात हे जगणे तपशिलाने आले आहे. यातली सर्वांत बोचरी बाब म्हणजे हे वळण लावणारे हात घरचेच होते. नव्या सुनेकडून जोहार घालायचा राहिला तर त्याचा राग साऱ्या वाड्यावर निघणार, म्हणून सासू तिला आधीच वाकायला शिकवी. धाकाइतकीच मायेनेही अस्पृश्यता पुढच्या पिढीकडे जात राहिली, आणि म्हणूनच ती इतकी चिवट ठरली.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे सवर्ण बायकांसारखे नेसा आणि जात ओळखू येईल असे दागिने टाकून द्या, असे त्यांनी सांगितले. ही वरच्यांची नक्कलच, असा आक्षेप घेता येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. पण शरीराला लागलेली सवय मोडल्याशिवाय मनातली पायरी हलत नाही, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

धर्मांतराची घोषणा आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये जुने देव नाकारण्याबरोबरच श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाकडून विधी करवून घेणार नाही, हेही होते. मूल घडते ते बारशात, लग्नात, मयतीत. प्रतिज्ञांनी नेमक्या याच जागांना हात घातला. जुने विधी गेले तिथे त्रिशरण-पंचशील आले. जोहाराच्या जागी ‘जयभीम’ आला, वस्तीत बुद्धविहार उभे राहिले आणि दगडू-कचरूंच्या घरात सिद्धार्थ, राहुल, सुजाता जन्मू लागले. महाराष्ट्रात १९५१ च्या जनगणनेत बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ मध्ये ते सुमारे २८ लाख झाले.

इथे तत्त्वज्ञानातली एक गाठ उरते. कायम टिकणारा आत्मा नाही, हा बौद्ध विचार म्हणजे जन्मसिद्ध जातीला थेट उत्तर आहे: मूळचे असे काही नसेल, तर माणूस पुन्हा घडू शकतो. पण मान मिळवायला निघालेल्या समाजाला ठाम ओळख लागते, आणि अनात्मवाद कोणत्याच ओळखीला घट्ट धरू देत नाही. व्यवहारात ठाम ओळखीचीच सरशी झाली. अन्याय समोर असताना ते स्वाभाविकही होते.

शिवाय दीक्षा घेणाऱ्याने स्वतःला बदलले तरी गावाचे सामाजीकरण जुनेच राहिले. आडनाव विचारून जात काढणाऱ्याने कोणतीही प्रतिज्ञा घेतली नव्हती. शासनालाही हे मानावे लागले. धर्मांतरानंतर अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळत नव्हत्या. कायद्यात बदल होऊन १९९० मध्ये त्या लागू झाल्या. धर्म बौद्ध, पण अनुसूचित जातीच्या सवलतीसाठी पूर्वीच्या जातीचा दाखला, अशी दुहेरी नोंद तेव्हापासून अनेकांच्या कागदपत्रांत असते.